विहिरीला पाळी, मग डीपीला का नको?

मार्च उजाडला की आमच्या वर्कशॉपपुढे जळालेल्या मोटरींची रांग लागते. मोनोब्लॉक, ओपनवेल, बोअरमधल्या लांबट सबमर्सिबल. मंचरला मी मोटरी भरून देतो, म्हणजे जळालेलं वायंडिंग काढून नवी तार भरतो. गिऱ्हाईक सगळं आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यातलं: घोडेगाव, कळंब, नारायणगाव, ओतूर, बेल्हे, पार वरच्या आणे पठारापर्यंत. मोटर उघडली की ती कशानं गेली हे तारेच्या रंगावरून कळतं. काही कॉइली काळ्याठिक्कर आणि काही नव्यासारख्या तांबूस असल्या, तर तीनपैकी एक फेज गेला होता आणि मोटर दोनावरच गुरगुरत राहिली होती. एकाच जागी भोक पडल्यासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. पण सगळं वायंडिंग सारखंच करपलेलं असलं, तर समजायचं की व्होल्टेज कमी होतं आणि मोटर तशीच रेटून चालवली. उन्हाळ्यात येणाऱ्या मोटरींमध्ये हा शेवटचा प्रकार फार.

या करपलेल्या तारा सोडवता सोडवता माझं एक मत पक्कं झालंय. आपल्या दोन तालुक्यांत ऊर्जा वाचवायची असेल, तर ती विहिरीवर वाचवावी लागेल. आणि ती एकट्यादुकट्याला वाचवता येणार नाही. एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच वाचेल.

ऊर्जाबचत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घरातले दिवे येतात. तिथं बरंच काम झालंय. २०१५ साली उजाला योजना आली, एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि पिवळे दिवे वाड्यावस्त्यांवरूनही गेले. आता पंख्याची पाळी आहे. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. नवा घ्यायची वेळ येईल तेव्हा हाच घ्यावा. पण घरातला पंखा आणि मळ्यातली पाच एचपीची मोटर यांची गाठच नाही. पाच एचपीची मोटर एका तासात चार-साडेचार युनिट घेते. तेवढ्यात जुना पंखासुद्धा दोन दिवसांहून जास्त फिरेल. राज्यात वीजग्राहकांपैकी शेतीपंपवाले साधारण १६ टक्के, पण एकूण वापरलेल्या विजेतला जवळजवळ ३० टक्के वाटा त्यांचा. आपल्याकडे ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो, भाजीपाला. त्यामुळे गावाची वीज कुठं जाते हे कुणाला समजावून सांगायला नको.

आधी ते कमी व्होल्टेजचं सांगतो, कारण त्यातच सगळी गोम आहे.

तीन फेजच्या मोटरीला ४१५ व्होल्ट मिळायला हवेत. विहिरीवरचं पाणी ओढायचं काम ठरलेलं असतं, ते काही व्होल्टेज पाहून कमी होत नाही. मग दाब उतरला की मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते. तारेतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दीडपट झाला की उष्णता सव्वादोनपट. ही उष्णता म्हणजे पैसे मोजून आणलेली, पण पाणी न उचललेली वीज. ती आधी इन्सुलेशन कडक करते, मग तडकवते आणि शेवटी मोटर माझ्याकडे येते.

दाब का उतरतो? डीपी लहान पडतो, लाइन लांब असते, आकडे टाकलेले असतात, हे सगळं खरं. पण रोज घडणारं कारण दुसरंच आहे. बहुतेकांनी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू. शेतकऱ्याचंही बरोबर आहे. रात्री दोनला थ्री फेज येणार असेल तर बटण दाबायला कोण जाणार? पण एका डीपीवर दहा-पंधरा मोटरी असतात आणि त्या सगळ्या एकाच क्षणी उठतात. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते. म्हणजे लाइट येताक्षणी डीपीवर पन्नास-साठ मोटरींचा बोजा पडल्यासारखं होतं. व्होल्टेज बसतं, कुणाची मोटर उचलतच नाही, नुसती हूं करते, कुणाचा फ्यूज उडतो, आणि अधूनमधून डीपीच जळतो. मग आठ दिवस सगळ्यांचंच पाणी बंद.

ज्यानं ऑटो बसवला त्यानं आपल्या पिकापुरता विचार केला. प्रत्येकानं तेवढाच विचार केला आणि सगळ्यांच्या मोटरी जळाल्या.

कपॅसिटरचीही तीच गत. मोटर जो करंट घेते त्यातला एक भाग फक्त आतलं चुंबकत्व उभं करायला लागतो. तो पाणी उचलत नाही, पण डीपीपासून विहिरीपर्यंतची तार मात्र अडवून धरतो आणि तापवतो. मोटरीशेजारी कपॅसिटर लावला की हा करंट जागच्या जागी भागतो, लाइनवरून आणावा लागत नाही. तीन एचपीला एक केव्हीएआर, पाचला दोन, साडेसातला तीन, असा साधा हिशेब आहे. मोटर एकदा भरायला जो खर्च येतो त्याच्या मानानं कपॅसिटर अगदी स्वस्त. पण पंधरा जणांत एकट्यानंच लावला तर दाबात फरक पडल्याचं त्याला जाणवतही नाही. तो म्हणतो, “मिस्तरी, काय उपेग झाला?” पंधराच्या पंधरांनी लावला तर त्याच डीपीवर सगळ्यांचं व्होल्टेज सुधारतं.

अशीच न दिसणारी गळती सैल जोडांचीही असते; त्यासाठी खोडदच्या दुर्बिणीचं इथं सांगायला हवं. नारायणगावच्या पूर्वेला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत. मधल्या भागात चौदा, बाकी सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. एकूण तीस. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी ऐकण्यासाठी त्या उभारल्या. त्यांना त्रास होतो तो आपल्या विजेच्या तारांचा. कुठं इन्सुलेटर फुटलेला असतो, कुठं जम्पर सैल असतो, तिथं ठिणगी उडत राहते आणि तिचा रेडिओगोंगाट दुर्बिणीला ऐकू येतो. म्हणून तिथली माणसं असे खांब शोधून दुरुस्त करवून घेतात. आपल्याला ती ठिणगी दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तशीच उडत राहते. सैल जोडाची गळती मी स्टार्टरच्या पेटीत रोज पाहतो. वायर जिथं कसलेली नसते तिथं तांबं निळंकाळं पडलेलं असतं. एक पाना घेऊन वर्षातून दोनदा सगळे स्क्रू आवळले, मेन स्विच बंद करूनच, तरी पुष्कळ वीज आणि पुष्कळ मोटरी वाचतील.

आणि त्या तबकड्या कशा बांधल्यात तेही जवळ जाऊन पाहावं. डॉ. गोविंद स्वरूप यांनी जाड पत्र्याऐवजी स्टीलच्या दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी वापरली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला, लोखंड कमी लागलं आणि एवढी मोठी तबकडी फिरवायला तुलनेनं लहान मोटर पुरली. मोठं काम करायला मोठीच मोटर लागते असं नाही, आधी अडथळा कमी करावा, हे आपल्या तालुक्यात ४५ मीटर व्यासाचं उभं करून ठेवलेलं आहे.

विहिरीवर अडथळा म्हणजे पाइप.

हे मी गिऱ्हाइकाला कागदावर आकडे मांडून दाखवतो. समजा विहिरीतून शेतापर्यंतची खरी चढण पंधरा मीटर, म्हणजे पन्नास फूट. शेत विहिरीपासून पाचशे मीटरवर. तासाला वीस हजार लिटर पाणी हवं. पाइप दोन इंची, म्हणजे ६३ एमएम टाकला, तर पाण्याच्या नुसत्या घर्षणात ३८ मीटरच्या चढाएवढा जोर जातो. ऊसभरली ट्रॉली पांदीतून रेटावी तसं ते पाणी जातं. खरी चढण पंधरा आणि मोटर मात्र त्रेपन्न मीटर चढवतेय. अडीच इंची, ७५ एमएम टाकला तर घर्षण सोळा मीटरवर येतं. तीन इंची, ९० एमएम टाकला तर साडेसहावर. पंपाची एकूण कार्यक्षमता ४५ टक्के धरली, तर एक लाख लिटर पाण्याला पहिल्या पाइपमधून ३२ युनिट लागतात, दुसऱ्यातून १९ आणि तिसऱ्यातून १३. विहीर तीच, शेत तेच, पाणी तेच.

आपल्याकडे पाइपलाइन करताना लोक उलटं करतात. पाइपात पैसे वाचवतात आणि मग पाणी कमी येतं म्हणून पाचाची मोटर काढून साडेसाताची बसवतात. मोठ्या मोटरीनं पाण्याचा वेग वाढतो, वेगानं घर्षण आणखी वाढतं, आणि वाढवलेले अडीच एचपी बरेचसे पाइपाच्या भिंतीला घासण्यात जातात. वर काटकोनातले एल्बो, बुडाला शेवाळानं भरलेला फूट व्हॉल्व. फूट व्हॉल्व वर्षातून एकदा काढून घासायला काही खर्च येत नाही, दोन माणसांची अर्धी सकाळ जाते. आणि एल्बोच्या जागी लांब वळणाचा बेंड बसवा एवढंच माझं सांगणं असतं.

आमच्या धंद्यातलंही सांगतो, कारण शेतकऱ्याला ते कुणी सांगत नाही. जळालेली तार स्टेटरमधून निघत नाही, घट्ट बसलेली असते. लवकर निघावी म्हणून बऱ्याच ठिकाणी स्टेटर सरळ जाळात टाकतात. तार सुटते, पण स्टेटरच्या पातळ पत्र्यांमधला जो इन्सुलेशनचा थर असतो तो जळून जातो. मग लोखंडातच वीज फिरून उष्णता होते, आणि मोटर भरल्यावर पहिल्यापेक्षा जास्त वीज खाते, ती शेवटपर्यंत. वर स्वस्त पडावं म्हणून तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार किंवा एक गेज बारीक तार भरली, तर आणखी नुकसान. मोटर भरायला टाकाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: तार कशानं काढणार, कोणती तार भरणार, कोणत्या गेजची भरणार. आणि तीच मोटर तिसऱ्यांदा जळाली असेल तर भरू नका, पंचतारांकित पंप बघा. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला पंधरा वर्षांपूर्वी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं शेतकऱ्यांचे जुने पंप बदलून चांगले पंप देण्याचा पथदर्शी प्रकल्प केला होता. तंत्र नवं नाही, तेव्हापासून सिद्ध आहे.

मग लोक का करत नाहीत? उत्तर मला वर्कशॉपच्या बाकावर बसलेले नाना, अण्णा रोज देतात. “काय मिस्तरी, बिलच येत नाय, तर तीन इंचीला कशाला पैशे घालू?”

हे खोटं नाही. आधी बऱ्याच जणांना मीटर नव्हतंच, एचपीवर बिल यायचं; मोटर एक तास चालवा नाहीतर दहा तास, रक्कम तीच. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली, मार्च २०२९ पर्यंत. कांद्याचा भाव कोसळलेल्या वर्षी शेतकऱ्याला हा आधार मोठा आहे आणि तो मिळू नये असं मी म्हणणार नाही. पण बिल शून्य झालं म्हणजे वीज शून्य झाली नाही. त्या योजनेपोटी सरकार दरवर्षी १४ हजार कोटी रुपयांहून जास्त भरतं. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळला कोळसा जळतोच. एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम. वर दिलेल्या हिशेबात दोन इंची आणि तीन इंची पाइपात १९ युनिटांचा फरक होता. म्हणजे एक लाख लिटर पाण्यामागे बारा-तेरा किलो कोळसा नुसता पाइप घासण्यासाठी जळाला. त्याचं बिल नानांना येत नसलं, तरी त्याच वाया गेलेल्या विजेनं नानांच्या डीपीचं व्होल्टेज बसतं, आणि मोटर भरायचे पैसे मात्र नानांच्याच खिशातून जातात. म्हणून मी बिलाचं बोलतच नाही. मी विचारतो, गेल्या पाच वर्षांत मोटर किती वेळा भरली, दर वेळी किती दिवस पाणी बंद राहिलं आणि त्यात पीक किती वाळलं. हा हिशेब ज्याचा त्याला पटतो.

रात्रीच्या विजेनं या सगळ्यावर कडी केली. थ्री फेज आठवडा वाटून येते, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री. रात्री पाणी धरणं आमच्या भागात जिवाचं काम आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि उसात बिबट्याचं घर झालंय. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण शेतात वावरणारे बिबटे त्याहून कितीतरी जास्त. माणसं गेलीत, लहान मुलं गेलीत. बाया संध्याकाळनंतर बांधावर जायला धजत नाहीत. रात्री बारानंतर बॅटरी घेऊन दारं मोडायला जाणाऱ्या माणसाला वीज वाचव असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तो काय करतो? ऑटो लावतो, पाणी एका सरीत सोडतो आणि घरी येऊन झोपतो. सकाळपर्यंत सरी भरून पाणी ओढ्याला लागलेलं असतं. पाण्यासोबत खत वाहून जातं, मुळं गुदमरतात, आणि वीज तर गेलीच.

म्हणून दिवसा वीज ही मागणी बिबट्यामुळे जोर धरत असली, तरी माझ्या मते ऊर्जाबचतीचीही ती पहिली पायरी आहे. माणूस शेतात उभा असला की पाणी पुरे झालं हे त्याला दिसतं आणि तो मोटर बंद करतो. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं शेतीचे फीडर दिवसा सौरऊर्जेवर चालवण्याची कल्पना आकडेवारीनिशी मांडली होती. २०१७ साली राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये ती वाढवून दुसरा टप्पा काढला आणि पुढे उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत नेलं. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनेल, वीज त्याच भागातल्या शेतीला, दूरच्या लाइनची गळती नाही.

विहिरीवरचे सौरपंपही वाढतायत. सरकारी योजनेत अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. या पंपांमुळे एक बदल मी डोळ्यांनी पाहतोय. सौरपंपवाला शेतकरी येऊन स्वतःहून विचारतो, “मिस्तरी, पाइप मोठा टाकला तर पाणी वाढंल का?” कारण पॅनेल जेवढं देतं तेवढंच देतं. वरून ढकलायला जास्तीचे एचपी मिळत नाहीत. मग तो पाइप बघतो, फूट व्हॉल्व बघतो, पॅनेलवरची धूळ पुसतो. महावितरणच्या लाइनवर ज्याला मी दहा वर्षं सांगून पटलं नाही, त्याला दोन महिन्यांत सूर्यानं पटवलं. भीती एकच आहे. उन्हाला बिल नसल्यानं दिवसभर पाणी उपसत राहिलं तर विहिरी लवकर तळाला जातील. आणे पठारावर बोअर आधीच खोल गेलेत. पाणी जितकं खाली तितकी ऊर्जा जास्त, हे साधं आहे. वीस मीटरवरचं पाणी चाळीसवर गेलं की त्याच पाण्याला दुप्पट वीज. म्हणून बांध, नाला, पाझर तलाव यांत मुरवलेलं पाणी हीसुद्धा वीजबचतच आहे. कुकडीचं आवर्तन सुटलं की कालव्याच्या खालच्या विहिरी वर येतात, आणि त्या पंधरवड्यात माझ्याकडे मोटरी कमी येतात.

पाणी बेतानं दिलं तर फायदा पुढेही चालतो. कांद्याचंच घ्या. काढणीआधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडलं तर कांद्याची मान नीट सुकते, पापुद्रा घट्ट बसतो आणि तो बराखीत चार-पाच महिने टिकतो. शेवटपर्यंत पाणी देत राहिलं तर वजन भरतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये बराखीला वास सुटतो. बराखीचं तंत्र कुणी नीट समजावून घेत नाही. जमिनीपासून उचललेला तळ, खालून हवा, बाजूंना फटी, रुंदी बेताची, वर उतरतं छप्पर. विजेचं एक युनिट न लागता हजारो क्विंटल कांदा पावसाळा काढतो. बटाट्याची अरणही तशीच. रब्बीचा बटाटा काढला की झाडाच्या सावलीत ढीग घालायचा, वरून काड-पाचटाचं जाड पांघरूण घालायचं आणि भाव येईपर्यंत ठेवायचा. शीतगृह लागतंच, बियाण्याच्या बटाट्याला तर त्यावाचून गत्यंतर नाही. पण जे काम सावली आणि वारा करतो, ते कॉम्प्रेसरवर घालायची घाई करू नये. बराखीत तापमान-आर्द्रता मोजायचं साधं यंत्र टांगलं, सडका कांदा वेळेवर वेचला, तर जुन्याच बराखीतून नासाडी कमी करता येते.

गावानं मिळून काही ठरवलं तर काय होतं, याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. जुन्नरमधल्या टिकेकरवाडी ग्रामपंचायतीला २०२३ मध्ये राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांमधला ग्राम ऊर्जा स्वराज पुरस्कार दिल्लीत मिळाला. लहान गाव, पण सौरऊर्जा आणि गोबरगॅस या गोष्टी त्यांनी ग्रामसभेचा विषय केल्या. त्याआधीचा दाखला आता लोक विसरलेत. २००५च्या सुमारास भारनियमन भयानक होतं, तेव्हा महावितरणनं अक्षय प्रकाश योजना काढली होती. गावानं ठरवायचं की संध्याकाळच्या वेळात कुणी मोटर, गिरणी चालवणार नाही, आकडा टाकणार नाही. बदल्यात गावाला दिव्यांपुरती वीज अखंड मिळेल. त्यासाठी ना मीटर बदलले, ना तारा. गावातल्याच माणसांनी फिरून लक्ष ठेवलं आणि राज्यात पुष्कळ गावांनी ती पाळली. पुढे सिंगल फेजिंग आलं, गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, योजनेची गरज उरली नाही. पण एका तारेवरची माणसं एकमेकांसाठी मोटर बंद ठेवतात, हे तेव्हा दिसलं होतं.

आणि आपल्याला ते नवं कुठं आहे? सामाईक विहिरीला भावाभावांत पाळी असते. आठवड्यातले वार वाटलेले असतात, कुणाची सोमवार-मंगळवार, कुणाची बुधवार. पाळी चुकवली तर भांडणं होतात, कोर्टापर्यंत जातात, पण पाळी मोडत नाही. सातबाऱ्यावर हिस्सा असतो तसा पाण्यातही हिस्सा असतो आणि तो नातवापर्यंत चालतो. विहिरीतलं पाणी मोजकं आहे हे दिसतं, म्हणून तिथं वाटणी झाली. डीपीची ताकदही मोजकीच आहे, ती फक्त डोळ्यांना दिसत नाही. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या दहा-अकरा मोटरी नीट चालतात. त्यावर सोळा असतील, तर आठ-आठच्या दोन पाळ्या लावाव्या लागतील. आठ तासांतले चार तास पहिल्यांचे, चार दुसऱ्यांचे. निम्मा वेळ मिळतोय असं वाटेल, पण दाब पुरेसा असला की पंप पूर्ण गतीनं फिरतो आणि दुबळ्या व्होल्टेजवर रडतखडत आठ तासांत येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं चार तासांत मिळतं. ठिबक असेल तर मग प्रश्नच नाही. आपल्याकडचा टोमॅटो बहुतेक ठिबक आणि मल्चिंगवर आहेच, त्याला चार तास भरपूर. अडचण उसाची आहे. मोकाट पाण्यावरचा ऊस चार तासांत भिजत नाही, आणि उसालाही ठिबक केल्याशिवाय ही पाळी सगळ्यांना परवडणार नाही. पाळीच्या वाटाघाटीत ऊसवाला आणि भाजीपालावाला यांची तोंडं दोन दिशांना असतात ती याचमुळे.

घोड नदीच्या काठावरच्या एका डीपीवर गेल्या हंगामापासून हे बोलणं सुरू आहे. दोनदा डीपी जळाला, तेव्हा वर्गणी काढायला सगळे एकत्र आले आणि तिथंच मी कागद पुढे केला. ठरलं ते असं: सगळ्यांनी कपॅसिटर लावायचे, तेही एकाच दिवशी, ऑटो काढायचे, ज्याला काढायचाच नसेल त्यानं टायमर बसवायचा, म्हणजे लाइट आल्यावर एकाची मोटर दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी उठेल. कपॅसिटर लागले. संध्याकाळी मीटर लावून पाहिलं तर शेवटच्या विहिरीवर, जिथं कायम रड असायची, तिथला दाब सुधारलेला दिसला, आणि त्या विहिरीवरच्या ताईंनी लगेच विचारलं की अजून ऑटो कुणाकुणाचे राहिलेत. दोघांचे राहिलेत. दोघांचाही ऊस आहे, दोघांनाही पहिली पाळी हवी आहे. एकानं ठिबकचा अर्ज भरलाय. दुसऱ्याचा पाइप दोन इंची आहे, सहाशे मीटर, आणि त्यानं तो बदलायचं मनावर घेतलं तर पहिली पाळी त्याला द्यायला बाकीचे तयार आहेत. पावसाळ्यात शेत मोकळं असताना चर खणायचा, असं सध्या बोलणं झालंय.